नदीकाठी ती काय म्हणाली

कडी काढता काढताच एवारिस्तो मास्तरांना ते पत्र आठवलं. तेरा वर्षांपूर्वीचं, वहीच्या रेघी पानावर दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. त्याला त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. दाराबाहेरच्या बाईनं फक्त नाव सांगितलं होतं, "मी निएवेस, तोरिबिया आपासाची," आणि मास्तरांचा हात कडीवरच राहिला होता. हिवाळ्याची सकाळ होती. लोखंड बोटांना चिकटत होतं.

"उघडताय ना, मास्तर? का बरं नाहीये?"

त्यांनी दार उघडलं. ती आत आली, पाठीवरचं गाठोडं सोडलं, टोपी काढून मांडीवर घेतली आणि बाकाच्या कडेला बसली. कोल्यापाताच्या शाळेत ती त्यांच्यासमोर पहिल्या रांगेत बसायची तेव्हा दहा वर्षांची होती. आता चोविशीची होती, पण हात थेट आईचे झाले होते, थंड पाण्यानं भेगाळलेले. ती भिंतीशी रचलेल्या पुस्तकांकडे पाहत राहिली.

"एवढी सगळी वाचलीत?"

"बरीचशी."

"मग उत्तर लिहायला वेळ कुठून मिळणार," ती म्हणाली. रागानं नव्हे. आज वारा फार आहे म्हणावं, तशी.

पत्र आपण फेकून दिलं नाही, एवढं तरी तिला दाखवावं असं मास्तरांना वाटलं. वरच्या फळीवरचं एक जाड पुस्तक त्यांनी काढलं, मधलं पान उघडलं आणि घडी घातलेला कागद तिच्यासमोर धरला. धरल्यावर त्यांच्या लक्षात आलं. कागदभर लाल पेन्सिलीच्या खुणा होत्या. चुकलेले शब्द खोडून वर नीट लिहिले होते. शेवटची ओळ होती, "मास्तर, आई नदीकाठी काय म्हणाली ते तुम्हीच ऐकलंत म्हणून आता तुम्हीच". तिथे कागद संपला होता, आणि समासात लाल अक्षरांत लिहिलं होतं: वाक्य अपूर्ण.

निएवेसनं कागद उलटून पाहिला. पुन्हा सुलटा केला.

"किती मार्क दिलेत?"

"हाताची सवय गं. नकळत होतं."

"पास तरी झाले का?"

मास्तरांनी स्टोव्हवर पाणी चढवलं. पाठमोरं उभं राहायला काहीतरी काम हवं होतं.

"आई आता फार दिवसांची नाही," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतो पोटात गाठ आहे. हुलियाकाच्या बाजारात वाळवलेला बटाटा घेऊन बसते अजून, भिंतीला टेकून. तिचा तुन्ता तुम्हाला माहितीये, पिठासारखा पांढरा. पण गावचं माणूस आलं की आधी विचारतं, कुणाचा? तोरिबियाचा म्हटलं की हातातला खाली ठेवतं. तिला गावात मरायचंय, मास्तर. पुढच्या रविवारी सभा आहे. लुसियो आता मुखिया झालाय."

"ठाऊक आहे मला."

"लुसियो काय म्हणाला माहितीये? म्हणाला, तोंडाचं मला काही सांगू नका, कागद आणा. मास्तर खोटं लिहायचे नाहीत. माझ्या पोराला पाठीवर घेऊन दोन कोस धावलेला माणूस आहे तो. मास्तरांनी लिहून दिलं की तोरिबियानं साहेबाला आधी सांगितलं होतं, तर मी स्वतः वेशीवर जाऊन तिला आणीन, आणि कबरस्तानात माझ्या रूफोच्या शेजारची जागा देईन."

पाणी उकळायला लागलं होतं. मास्तरांनी त्यात कोकाची पानं टाकली.

"आणि नाही लिहिलं तर?"

निएवेसला प्रश्न कळलाच नाही, असं तिच्या चेहऱ्यावरून दिसलं. "का नाही लिहिणार?" ती म्हणाली.

*

चौदा वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात इलावेच्या रस्त्यावर बटाट्याच्या पिठाचा कारखाना उभा राहिला, आणि लिमाहून एक इंजिनिअर आला. त्याला बटाटा हवा होता, स्वस्त आणि भरपूर. त्या वर्षी गारांनी गोडा बटाटा झोडपून काढला होता. शेतांत उरला होता तो लुकी, हिमाला न बधणारा, कडू. कोल्यापातात सगळ्यात जास्त लुकी तोरिबियाचा, आणि लुकीपासून सगळ्यात पांढरा तुन्ता काढणारीही तीच, म्हणून इंजिनिअरला तिच्याकडे नेलं. त्याला आयमारा येत नव्हती, तिला स्पॅनिश येत नव्हती. मध्ये एवारिस्तो मास्तर उभे राहिले, नवा कोट घालून.

तोरिबियानं सगळं सांगितलं, तोंडानं आणि अंगानं. घागरे गुडघ्यापर्यंत खोचून ती रात्रभर गोठलेल्या बटाट्यांच्या पसाऱ्यावर चढली आणि अनवाणी तुडवायला लागली. सालं सुटली, पायांखालून काळपट पाणी फुटलं.

"हे जनावर आहे, साहेब," ती म्हणाली. "तीन रात्री हिमात. मग पाय. मग वीस दिवस वाहत्या पाण्यात, वरून गवत झाकून. तेव्हा कुठे नदी याचं विष घेऊन जाते. पाणी दाखवल्याशिवाय हा कुत्र्यालासुद्धा घालू नका. तुमच्या यंत्रालाही सांगा."

इंजिनिअरनं नाकाला रुमाल लावला होता. त्यानं तिच्या पायांचा फोटो काढला. "पायानं!" तो म्हणाला. "आणि हे खातात लोक?" मग मास्तरांकडे वळून, हसून, "तुम्हीही?"

"नाही. मी शहरात शिकलो," मास्तर म्हणाले.

"काय म्हणतेय ती?"

कोटाच्या आतला देह त्याच पायांनी तुडवलेल्या तुन्त्यावर वाढलेला होता. मास्तरांच्या आईच्या टाचा बारा महिने फुटलेल्या असत. ते म्हणाले, "ती म्हणतेय, ही त्यांची जुनी पद्धत आहे. फार दिवस लागतात."

"म्हणून तर यंत्र आणलं," इंजिनिअर म्हणाला, आणि हसला. त्याला हसताना पाहून तोरिबियाही हसली. साहेबाला समजलं, असं तिला वाटलं.

कारखान्यात तोरिबियाचा लुकी वाफवला गेला, तापलेल्या रुळांवर वाळला, दळला गेला. बटाट्याचं पीठ व्हायला एक दिवससुद्धा लागला नाही. झेंडे लावून, भाषण करून, पहिली पोती कोल्यापाताच्याच शाळेला भेट दिली. पेज मास्तरांनी स्वतः वाढली. चार दिवस वाढली.

"कडू लागतंय, मास्तर," लुसियोचा रूफो पहिल्या दिवशी म्हणाला.

"यंत्राचं आहे. फुकट मिळालंय. संपवा. वाटीत काही दिसता कामा नये."

पाचव्या दिवशी अर्धी शाळा ओकत होती. आठवडा संपेपर्यंत तिघं गेली, रूफो, बासिलिया आणि एदुविहेस. रूफो मास्तरांच्या पाठीवरच गेला, इलावेच्या दवाखान्याच्या अलीकडे. पण ते आणखी बराच वेळ धावत राहिले होते.

चौकशीत कारखान्यानं सांगितलं, बाईनं फसवून विषारी माल घातला. मास्तरांना विचारलं, बाईनं काही सावध केलं होतं का? मास्तर म्हणाले, "मी फक्त भाषांतर केलं." ते खोटं होतं असं म्हणता आलं नसतं. गावानं वेगळा पुरावा काढला, की तोरिबियाची पोर कशी वाचली? आईनंच तिला खाऊ नको म्हणून सांगितलं असणार. गावाच्या यादीतून तोरिबियाचं नाव खोडलं, शेत वाटून घेतलं, घराचं छप्पर उतरवलं. मायलेकी हुलियाकाकडे चालत गेल्या.

मास्तरांची पुढच्या वर्षी हुलीला बदली झाली. निरोपाला सगळा गाव रडला. तेव्हापासून दर सुगीला लुसियोकडून एक पोतं येई, आणि वर निरोप, "माझ्या पोरासाठी धावलेल्या माणसाला."

*

"आणि आणखी एक लिहा," निएवेस उठता उठता म्हणाली. "मी का वाचले ते."

मास्तरांनी स्टोव्ह बारीक केला.

"चारही दिवस तुम्ही मला अंगणात गुडघ्यांवर बसवलं होतंत. पाढे चुकले म्हणून. पेज दिली नव्हतीत." ती हसली, आणि हसल्यावर थोडी लहान दिसली. "तेव्हा इतका राग आला होता तुमचा. आतून वास यायचा गरम. मी मनात म्हणायचे, मरो हा माणूस."

"आठवतं मला."

"मी सांगितलं तर म्हणतात, आईचंच शिकवलेलं बोलतेय. तुम्ही सांगितलं की संपलं."

तिनं गाठोड्यातून एक पिशवी काढून टेबलावर ठेवली. तुन्ता होता, एकसारखा, खडूसारखा पांढरा. "आईनं दिलाय. दुखणं असतानाही नदीत उतरली होती यंदा. मी म्हटलं, नको. तर म्हणते, मास्तरांना दुसऱ्याच्या हातचा द्यायचा का?"

"तू थांब ना. लिहून देतो आत्ताच."

हे ते कसे बोलून गेले, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. निएवेसनं दाराबाहेर उन्हाकडे पाहिलं. मग तिनं टोपी घातली.

"आईजवळ कुणी नाहीये. दुपारचा ट्रक गेला तर उद्यापर्यंत नाही. आणि तुम्ही नीट लिहाल, सावकाश, चांगल्या कागदावर. सभेत मोठ्यानं वाचणार आहेत. बुधवारच्या थैलीत पडलं की पुरे." दारात ती वळली. "आईला डोलीत घालून नेणार आहोत सभेला. तिला स्वतःच्या कानांनी ऐकायचंय. म्हणते, ऐकलं की तिथेच मेले तरी चालेल."

*

त्याच दिवशी, शुक्रवारी, मास्तर लिहायला बसले आणि संध्याकाळपर्यंत सहा पानं झाली. पहिली चार पानं तुन्त्याच्या इतिहासाची होती. राजांची कोठारं, त्यांत दहा दहा वर्षं टिकणारा बटाटा, पुढे चांदीच्या खाणींत उतरवलेली माणसं आणि त्यांच्यासाठी खेचरांवरून गेलेली पोती. "माणसं दोन वर्षांत संपत, बटाटा उरे," हे वाक्य त्यांना आवडलं. दोन ग्रंथांचे हवालेही दिले. पाचव्या पानावर नदी आली. सहाव्यावर त्यांनी लिहिलं: तिनं सांगितलं होतं. मी साहेबाला ते सांगितलं नाही. मला तिच्या पायांची लाज वाटली. मुलं कडू म्हणाली तेव्हा मी संपवायला लावलं.

लिहून झाल्यावर त्यांना भूक लागली. भिजवलेला तुन्ता त्यांनी उकडला, आत चीज भरलं आणि उभ्यानंच खाल्ला. फार चांगला होता. कित्येक वर्षांत असा खाल्ला नव्हता.

शनिवारी पुन्हा वाचताना इतिहास जास्त झाला असं वाटलं. सभेत बसलेल्यांना ग्रंथांचं काय करायचंय? चार पानं गेली. उरलेल्या दोनांत "वीस दिवस" या शब्दांशी ते अडखळले. वीसच म्हणाली होती का? की पुष्कळ? एका पुस्तकात पंधरा होते, दुसऱ्यात तीस. चौदा वर्षांपूर्वीच्या बाईच्या तोंडी आपण नेमका आकडा घालायचा, ही लबाडीच नव्हे का? त्यांनी आकडा काढला. आकडा गेल्यावर "विष" हा शब्द उघडा पडला. विष म्हणाली की कडूपणा? "विष" काढला. मग "कडूपणा जातो" एवढं उरलं, आणि ते तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्यात सावध करण्यासारखं काय होतं? नवा कागद घेतला.

रविवारी बाजारात लुसियो भेटला. मेंढ्या विकायला आला होता. गर्दीतून वाट काढत आला आणि त्यानं मास्तरांचे दोन्ही हात हातांत घेतले.

"तोरिबियाची पोर आली होती ना तुमच्याकडे?"

"आली होती."

"लिहा तुम्ही. जे असेल ते लिहा. माझी बायको मेली त्या म्हातारीला शाप देत देत. चुकीच्या माणसाला दिला असेल तर मला कळायला हवं." त्याचे हात मेंढीच्या लोकरीनं तेलकट झाले होते, ते सोडत नव्हते. "ज्यानं केलं त्याला मी ओळखत नाही म्हणून तर झोप येत नाही मला, मास्तर. चौदा वर्षं. ओळख पटली की बघू."

"काय बघू?"

"मेंढीचं काय बघतो आपण?" लुसियो म्हणाला, आणि मोठ्यानं हसला, आणि मास्तरांच्या पाठीवर थाप मारली. "घाबरलात काय! तुम्ही तर आमचे आहात. या की यंदा सुगीला. पोतं मी पाठवतो, तुम्ही येत कधी नाही."

त्या दिवशी मास्तरांनी "संपवायला लावलं" ही ओळ काढली. प्रश्न होता तो नदीकाठचा. शाळेचं कुणी विचारलंच नव्हतं. अंगणात गुडघ्यांवर बसलेल्या मुलीचं लिहावं तर पेज कुणी वाढली तेही आलंच, म्हणून तीही ओळ गेली.

सोमवारी त्यांनी "मला लाज वाटली" यावर बराच विचार केला. लाज ही मनातली गोष्ट. तिची साक्ष कशी देणार? आणि ती खरोखर लाजच होती, की साहेब घाईत होता म्हणून आपण थोडक्यात सांगितलं? थोडक्यात सांगणं हेही भाषांतरच. मास्तर आयुष्यभर मुलांना हेच सांगत आले होते की ठाम माहिती नसेल ते लिहू नये, तो खोटेपणा आहे. आता स्वतःच्या बाबतीत हा नियम सोडायचा म्हणजे सोयीचा अप्रामाणिकपणा झाला असता. या विचारानं त्यांना चार दिवसांत पहिल्यांदा शांत झोप लागली.

मंगळवारी उरलं ते अकरा ओळींचं होतं.

"आदरणीय तोरिबियाबाई, आपल्या मुलीच्या पत्राचं उत्तर द्यायला अक्षम्य उशीर झाला, त्याबद्दल क्षमा असावी. आपल्याबद्दल माझ्या मनात नेहमीच आदर आहे. नदीकाठच्या त्या सकाळी मी उपस्थित होतो, हे खरं आहे. तथापि इतक्या वर्षांनंतर, आपण त्या वेळी नेमकं काय म्हणालात याविषयी खात्रीनं काही सांगण्यास माझी स्मृती मला अनुमती देत नाही. आपण सावध केलं होतं असं मी म्हणू शकत नाही. केलं नव्हतं असंही म्हणू शकत नाही. सभेच्या न्यायबुद्धीवर माझा पूर्ण विश्वास आहे. आपल्या प्रकृतीस आराम पडो."

त्यांनी ते तीनदा वाचलं. सहा पानांपासून इथपर्यंतच्या सगळ्या मसुद्यांत हाच सर्वांत प्रामाणिक होता. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. ते त्यांनी जाड, पांढऱ्या कागदावर उतरवून काढलं. एकही खाडाखोड झाली नाही. जुनी सहा पानं स्टोव्हवर धरली, आणि निएवेसचं लाल खुणांचं पत्र पुन्हा त्याच पुस्तकात, त्याच पानावर ठेवलं.

*

बुधवारी पोस्टाची थैली अकराला निघायची. मास्तर साडेअकराला घरातून निघाले. वाटेत चर्चच्या पायऱ्यांवर बसून एक बूट काढला, झटकला, पुन्हा घातला. तळ्याकडून वारा येत होता. बाजारचौक ओलांडेपर्यंत घड्याळात बारा वाजून गेले होते. थैली गेली असेल तर गेली. पुढच्या आठवड्याच्या थैलीतून जाईल. मग सभा होऊन गेलेली असेल आणि त्या कागदावरून कुणाला काही ठरवावं लागणार नाही. आपण लिहिलं होतं, हे मात्र राहील.

पोस्टाबाहेर ट्रक उभा होता. ड्रायव्हर मडगार्डला टेकून शिव्या देत होता.

"आले! आले बघ!" आतून एर्लिंदाबाई ओरडल्या. वीस वर्षं त्या पोस्टात होत्या आणि सबंध हुलीत कुणाला कुणाचं पत्र येतं हे त्यांना पाठ होतं. "मी म्हटलं होतं ना तुला, मास्तर शब्दाचे पक्के आहेत. ये, आण त्यांना आत, वाऱ्यात काय उभं करतोस."

"थैली गेली असेल म्हटलं," मास्तर म्हणाले.

"जातेय कुठली! तासभर झाला धरून ठेवलीये. ती पोर नाही का, निएवेस, गेल्या शुक्रवारी तुमच्याकडून निघाली ती सरळ इथं. म्हणे, बुधवारी टाकलं तर रविवारच्या आत पोचेल ना नक्की? तीनदा विचारलं बिचारीनं. मी म्हटलं, तू जा, मास्तरांचं पत्र हातात पडल्याशिवाय मी ट्रक सोडत नाही." त्यांनी हात पुढे केला. "द्या."

मास्तरांनी कोटाच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं. एर्लिंदाबाईंनी ते उजेडात धरून पत्ता वाचला, तोरिबिया आपासा, मुखियांच्या मार्फत, कोल्यापाता, आणि मान डोलावली.

"अक्षर म्हणजे काय अक्षर आहे तुमचं. छापल्यासारखं." त्यांनी तिकीट जिभेला लावून चिकटवलं. मग आवाज खाली आणला. "सुटली बाई एकदाची. किती वर्षं भोगलं. तुम्हालाही हलकं वाटत असेल ना, मास्तर?"

"हो," मास्तर म्हणाले. "वाटतंय."

एर्लिंदाबाईंनी शिक्का उचलून मारला. शाई नीट उमटली नव्हती. त्यांनी पाकीट सरळ केलं, शिक्क्यावर फुंकर घातली आणि पुन्हा मारला, जोरात.